पाणी बघून बेत करा: भंडारदरा-कळसूबाई परिसरातली बारमाही भटकंती

भंडारदऱ्याला कधी जावं म्हणून विचारलं की दहातले नऊ जण "पावसाळ्यात" म्हणतात. उत्तर चुकीचं नाही, अर्धवट आहे. अकोले तालुक्याच्या या पश्चिम टोकाला चार महिने इतकं पाणी असतं की ओढ्यात पाय घालू नये, आणि एप्रिल-मेमध्ये इतकं कमी की वाडीतल्या बाया हंडे घेऊन लांबच्या झऱ्यावर जातात. त्यामुळे कोणत्या महिन्यात कुठं जायचं ते फोटो बघून ठरवू नका, पाणी बघून ठरवा. पाणी वाहतं असेल तोवर सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेवर, आणि माथ्यावर राहायचं. ओसरलं की घळीत उतरायचं. आटलं की ऊन टाळून पहाटे नाहीतर रात्री हिंडायचं.

आधी भूगोल. मधोमध प्रवरेवरचं भंडारदरा धरण. विल्सन डॅम १९२६ साली पुरा झाला आणि त्याच्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. धरणाला लागून शेंडी गाव. हॉटेलं, किराणा, गाडीवाले सगळं इथंच. जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर रतनवाडी, साम्रद, घाटघर ही गावं. उत्तरेला बारी गावाच्या डोक्यावर कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर. दक्षिणेला रतनगड, त्याच्याही पलीकडे हरिश्चंद्रगड. बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणजे नाक्यावर शुल्क भरायचं आणि वनखात्याचे नियम पाळायचे.

मुंबईहून येणाऱ्यांनी कसारा घाट चढून घोटीला वळावं. रेल्वेने यायचं तर इगतपुरी किंवा कसारा. पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर-शेंडी. पेट्रोल, औषधं आणि रोख रक्कम घोटीला किंवा राजूरला घेऊन ठेवा, कारण पुढे रेंज गेली की मोबाइलवरून पैसे देणंही बंद. (राजूरला थांबलात तर पेढे घ्या. डोंगरात साखर कामाला येते, हे निमित्त पुरेसं आहे.) एसटी मोजक्याच आहेत. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे उतरतानाच वाहकाला विचारा.

वाट विचारायची एक पद्धत आहे. "दादा, गडाला हीच वाट जाते ना?" असं विचारलं की भला माणूस "हो हो" म्हणणार, तुम्हाला नाराज कशाला करा. त्याऐवजी "दादा, ही वाट कुठं निघते?" असं विचारा. नाव त्याच्या तोंडून येऊ द्या. आणि "तासाभरात पोचाल" म्हणजे त्यांचा तास. आपला त्याच्या दुप्पट धरायचा.

जून ते सप्टेंबर: सोंडेवर राहा

पावसाळ्यात इथं एकच मोठी चढाई बिनघोर सुचवता येते, ती म्हणजे बारीतून कळसूबाई. वाट बऱ्यापैकी सोंडेसोंडेने जाते, मळलेली आहे आणि अवघड कातळांवर लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. चढायला तीन ते चार तास, उतरायला अडीच-तीन. निघायचं सहाला. उशीर झाला तर धोका पावसाचा कमी आणि माणसांचा जास्त. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी नऊनंतर शिड्यांच्या तोंडाशी रांग लागते. भिजलेल्या अंगाने अर्धा तास वाऱ्यात उभं राहिलं की थंडी हाडात शिरते. जमत असेल तर मधला वार पकडा.

शिडीवर होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली, पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल रेनकोट. स्वस्त पडतो म्हणून सगळे घेतात. पण वाऱ्याने फुगून तोंडावर येतो आणि उतरताना स्वतःचे पाय दिसेनासे होतात. पावसाळी जाकीट आणि पँट घ्या, नाहीतर पोंचोवरून कमरेला दोरी बांधा. दुसरी चूक, शिडीला पाठ करून उतरणं. पायऱ्या रुंद आणि कलत्या असतील तिथं चालेल, पण उभ्या शिडीवर तोंड शिडीकडेच हवं आणि दोन हात, दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले. तिसरी, हातातला मोबाइल. खिशात टाका, चेन लावा. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर शिडी आणि साखळ्यांपासून लांब व्हा आणि माथ्यावर थांबू नका. ऐन जुलैत विजा कमी असतात. जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात दुपारनंतर त्यांचा जोर असतो. त्या दिवसांत बारापर्यंत माथा सोडलेला बरा.

पायात खोल नक्षीच्या रबरी तळाचे बूट हवेत. तळ झिजलेले स्पोर्ट्स शूज शेवाळल्या कातळावर साबणासारखे सरकतात. जीन्स घालू नका. भिजली की जड होते, मांड्या सोलवटते आणि दिवसभर सुकत नाही. सॅकवरचं रेनकव्हर पुरत नाही, कारण पाणी पाठीच्या बाजूने झिरपतं. सॅकच्या आतच कचऱ्याची मोठी काळी पिशवी घाला, सामान तिच्यात भरा, तोंड पिळून दुमडा. एक कोरा बनियन किंवा टी-शर्ट आणि मोजे वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा, आणि ते डोंगर उतरेपर्यंत घालायचे नाहीत. अपवाद एकच. सोबतचा कुणी थरथरायला लागला, बोलताना जीभ जड झाली, बटण लावता येईना, तर ती थकावट समजू नका. अंगातली ऊब उतरत चाललीय. आडोशाला बसवा, ओले कपडे काढून कोरे घाला, चिक्की किंवा गूळ खायला द्या आणि खाली न्या. माथा पंधरा मिनिटांवर आहे, हे कारण तेव्हा चालत नाही.

धुक्यात वाट चुकते ती चढताना नाही, उतरताना. चढताना सगळ्या वाटा एकाच माथ्याला जातात. उतरताना एका माथ्यावरून दहा सोंडा फुटतात. चढताना प्रत्येक फाट्यावर एकदा मागे वळून बघा आणि ती जागा डोक्यात ठेवा. उतरताना तेच चित्र समोर येणार असतं.

आता ओढे. डोंगर उभा, कातळ काळा, माती पातळ. पडलेलं पाणी मुरायला जागाच नाही. त्यामुळे ओढा अर्ध्या तासात घोट्याचा कमरेएवढा होतो. शेंडीत ऊन पडलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. घाटघर-रतनवाडीकडे शेंडीपेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो आणि तुमच्या पायाशी येणारं पाणी तिकडचं असतं. ओढा ओलांडायच्या आधी तीन गोष्टी पाहायच्या: पाणी गुडघ्याच्या वर आहे का, गढूळ होऊन त्यातून काटक्या-पाला येतोय का, आणि तळाशी दगड घरंगळल्याचा दबका आवाज येतोय का. तिन्हींतलं एक जरी असलं तरी थांबायचं. जसा चटकन चढतो तसाच हा ओढा पाऊस थांबल्यावर तासा-दोन तासांत उतरतो. थांबणं फुकट आहे. ओलांडायचाच झाला तर सॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा. तोल गेला तर सॅक टाकता आली पाहिजे. काठी वरच्या अंगाला रोवून, प्रवाहाकडे तोंड करून, तिरपं चालत जायचं. धबधब्याच्या बरोबर काठावर किंवा वरच्या अंगाला ओढा कधीच ओलांडू नये.

धबधबे लांबूनच छान दिसतात, हे कुणाला पटत नाही. वरून पाण्याबरोबर दगड येतात आणि पाण्याच्या आवाजात ते ऐकू येत नाहीत. रंधा धबधबा फक्त कठड्यामागून बघायचा. धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला फॉल तर पावसावर नाही, धरणातून सोडलेल्या पाण्यावर चालतो. तो दिसेलच असं नाही, आणि कोरडा दिसला म्हणून खडकात उतरणं त्याहून वाईट.

जलाशयाच्या वळसा रस्त्यावर दाट धुक्यात गाडीचे दिवे खाली पाडलेले ठेवा. वर पाडले की समोर पांढरी भिंत उभी राहते. गाडी चालू असताना चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलाय असं वाटतं. अंधाराच्या आत मुक्कामाला पोचा. आणि भाताच्या बांधावरून फोटोसाठी फिरू नका. लावणीच्या दिवसांत बांध कच्चा असतो. तुमच्या पायाने तो फुटला की खाचरातलं पाणी जातं आणि ते पुन्हा भरायला घरच्या माणसाचा दिवस मोडतो.

साम्रदजवळच्या सांदण दरीचं नाव या महिन्यांत काढू नये. ती दरी म्हणजे पाण्याची मोरीच आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबर: रतनगड

पाऊस तुटक झाला की सोनकीने पठारं पिवळी होतात, ओलसर उतारांवर तेरडा गुलाबी पसरतो. कारवी दर सात वर्षांच्या आसपास एकदाच एकगठ्ठा फुलते आणि फुलून बी धरलं की मरते; ते वर्ष साधलं तर भाग्य. कड्यांच्या अंगाला कारवीचं रान माणसापेक्षा उंच वाढतं, त्यामुळे त्यातून गेलेली वाट बोगद्यासारखी वाटते आणि फाटे दिसत नाहीत.

रतनवाडीत अमृतेश्वराचं कोरीव दगडी देऊळ पाहून गडाकडे निघायचं. सुरुवातीला प्रवरेचा ओढा दोन-तीनदा ओलांडावा लागतो. सप्टेंबरात पाणी असेल तर वर सांगितलेल्या तीन खुणा लागू. पुढे जंगलात वाटेला फाटा फुटतो: एक कात्राबाईच्या खिंडीकडून हरिश्चंद्रगडाला जाते, दुसरी गडाच्या शिड्यांकडे. चुकतात ते इथंच, कारण खिंडीची वाटही चांगली मळलेली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी रतनवाडीतून वाटाड्या घ्यावा. गावातल्या माणसाला रोजगार होतो आणि तुमचे दोन तास वाचतात.

शिड्यांनंतर गणेश दरवाजा, मग गुहा, मग माथा. वरचं नेढं म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक. त्यात वारा एवढा कोंडून येतो की उभ्या माणसाला ढकलेल, तेव्हा बसून राहावं आणि टोपी आधी काढावी. चढ-उतार धरून सहा-सात तास लागतात. गवत कमरेएवढं असल्याने पाऊल पडतंय तिथं दगड आहे की पोकळी, कळत नाही. काठीने चाचपत चला. दगडांच्या सांदीत फुरसं असतं, म्हणून न बघता कपारीत हात घालायचा नाही. साप चावलाच तर चिरा मारणं, रक्त चोखणं, करकचून दोरी बांधणं यांतलं काही करू नका. चावलेला अवयव हलू देऊ नका, अंगठ्या-कडी-घड्याळ काढा, माणसाला उचलून खाली आणा आणि रेंज मिळताच १०८ ला फोन करा.

ऑक्टोबरच्या उन्हाला कमी लेखू नका. हवेत दमटपणा असतो, सावली संपलेली असते आणि आदल्या महिन्याच्या सवयीने लोक एकच लिटर पाणी घेऊन चढतात. तीन लिटर घ्या. नवरात्रात कळसूबाईला जत्रा असते. श्रद्धेने जायचं असेल तर जरूर जा, निवांतपणा हवा असेल तर ते नऊ दिवस टाळा.

डिसेंबर ते फेब्रुवारी: आता घळीत उतरा

सांदण दरीचे दिवस हे. साम्रदजवळ डोंगराला पडलेली ही भेग खाली कोकणात उतरते. सुमारे दोन किलोमीटर लांब, काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतील एवढी अरुंद, आणि दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे फुटांचे कडे. इथं जायचे दोन प्रकार आहेत. त्यांची गल्लत झाली की पंचाईत होते.

पहिला प्रकार: आत जाऊन त्याच वाटेने परत यायचं. त्याला दोर लागत नाही. वाटेत पाण्याची दोन कुंडं लागतात. एक छोटं, दुसरं थंडीच्या सुरुवातीला कमरेच्या वर असतं आणि फेब्रुवारीपर्यंत बरंच उतरतं. दरीत ऊन फार कमी वेळ येतं, त्यामुळे पाणी बर्फासारखं गार. मोबाइल-पाकीट डोक्यावर धरण्यापेक्षा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकमध्ये टाका. हात मोकळे हवेत. पुढे सगळी दगडधोंड्यांची वाट. ओला दगड काळपट चकचकीत दिसतो, कोरडा राखाडी. पाऊल राखाडीवर टाका. मोठ्या धोंड्यावर उडी मारण्याआधी एका पायाने दाबून बघा, डुगडुगतो का. गुडघे आणि घोटे जातात ते या उड्यांनी. जिथं पहिला मोठा कातळटप्पा, म्हणजे उभा तुटलेला कातळ, येतो तिथून मागे फिरायचं.

दुसरा प्रकार: टप्पे उतरून खाली देहेण्याच्या बाजूला निघायचं, किंवा तळाला मुक्काम करून करोली घाटाने पुन्हा साम्रदला चढायचं. पहिला टप्पा चाळीसेक फुटांचा, पुढे आणखी लहान टप्पे. इथं दोर, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), हेल्मेट आणि ते वापरणारी अनुभवी माणसं लागतात; व्हिडिओ बघून शिकायची ही जागा नाही. वरून दोर ओढून घेतला की माघार नाही, पुढेच जावं लागतं. म्हणून निर्णय पहिल्या टप्प्याच्या डोक्यावर घ्यायचा, खाली उतरल्यावर नाही.

संयोजक कोणताही असो, त्याला आधी माणसं किती ते विचारा. एकाला टप्पा उतरून दोर मोकळा करायला आठ-दहा मिनिटं धरा. वीस जण म्हणजे एका टप्प्यावर तीन तास गेले. आपण कितीही चपळ असलो तरी तेवढा वेळ ताटकळायचंच, आणि अंधार दरीत बाहेरच्यापेक्षा लवकर पडतो. एका दोरावर दहा-बारा जण पुरेत. सकाळी सातला दरीच्या तोंडाशी हजर असायला हवं.

दोरावर जाण्याआधी स्वतः तपासायचं, दुसऱ्याने "ओके" म्हटलं तरी. हार्नेसचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर असावा, खाली घसरत नसावा. बकलमधून पट्टा उलटा फिरवून आला आहे ना, आणि त्याचं टोक चार बोटं तरी बाहेर आहे ना ते बघा. कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या कडीचा) स्क्रू फिरवून बंद झालाय, बोटाने दाबला तर उघडत नाही. केस बांधलेले, ओढणी-मफलर काढलेला, शर्ट खोचलेला. सैल कापड डिसेंडरमध्ये (दोरावरून उतरायच्या उपकरणात) ओढलं गेलं की माणूस मधेच लटकतो. उतरताना पाय खांद्याएवढे फाकवलेले, गुडघे जरासे वाकलेले, अंग मागे रेललेलं. खालचा हात म्हणजे ब्रेक. तो दोरावरून कधीच सुटायचा नाही, घाम पुसायलाही नाही. नवखा माणूस घाबरून वरचा दोर दोन्ही हातांनी गच्च धरतो, नेमकं तेच करायचं नसतं. हेल्मेट टप्प्यापुरतं नाही, दरीत असेपर्यंत डोक्यावर. वरून माकडं धावली तरी दगड सुटतात. आभाळ भरून आलं असेल, मग महिना जानेवारी का असेना, आत शिरू नका. अवकाळी पावसाला दरीत पळायला वाट नसते.

हरिश्चंद्रगडाला थंडीत पाचनईची वाट घ्या. दोन-अडीच तासांत माथा येतो, चढ सोसवणारा आहे. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट पाच-सहा तासांची. बेलपाड्याची नळीची वाट मुरलेल्या गड्यांसाठी, दोर आणि माहीतगारासकट. केदारेश्वराच्या लेण्यात शिवलिंगाभोवती कमरेएवढं पाणी असतं, चार खांबांतला एकच शाबूत आहे. कोकणकडा बघायचा तर काठाच्या अलीकडे आडवं पडून, पोटावर सरपटत. कडा आतल्या बाजूला वळलेला असल्यामुळे उभं राहून तळ दिसतच नाही, आणि खालून येणारा वारा तोल घालवतो. इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर पडलेली आपली सावली आणि तिच्याभोवतीचं गोल इंद्रधनुष्य, दिसायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात: दरीत ढग आणि पाठीवर ऊन. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सकाळची वेळ धरा. पावसाळ्याच्या शेवटी शक्यता जास्त. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने त्याची नोंद १८३५ साली केली.

तंबू लेण्यात किंवा देवळात ठोकू नका. जलाशयाकाठी लावायचा तर पाण्यापासून लांब आणि थोडा उंचावर. थंड हवा रात्री खाली साचते. काठावर तीन-चार अंशांनी जास्त गारठा लागतो आणि दवाने बाहेरचं कापड पहाटे निथळत असतं. बाहेरचा आणि आतला पडदा एकमेकांना चिकटू देऊ नका, खालचं तोंड बोटभर उघडं ठेवा. तोंड बंद केलं तर श्वासाची वाफ थेंब होऊन अंगावर गळते आणि लोक म्हणतात, तंबू गळका आहे. खालची चटई जाड हवी. थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त येते. भाताच्या मोकळ्या खाचरात जागा उत्तम मिळते, मालकाला विचारून. शेकोटी परवानगी असेल तिथंच, लाकूड गावातून विकत घेऊन, आणि निजण्याआधी राखेवर पाणी ओतून, राख हाताला गार लागेपर्यंत. जलाशयात पोहू नका. काठ एकदम तुटतो, तळाशी गाळ आहे.

जेवण गावातल्या घरी सांगावं. माणसं किती आणि वेळ कुठली, हे दुपारीच कळवा. पंधरा जणांच्या नाचणीच्या भाकऱ्या म्हणजे चुलीपुढे मावशींचे दोन तास. ऐन वेळी "आम्ही आठच आहोत" म्हटलं तरी पैसे पंधरांचे द्यायचे.

रात्र अमावास्येच्या आसपासची निवडली असेल तर झोपू नका. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला, व्याध ताऱ्याच्या बरंच खाली, क्षितिजापासून वीतभर उंचीवर ठळक तारा दिसतो तो अगस्ती. डोंगराच्या आड जातो, म्हणून दक्षिण मोकळी असलेली जागा बघा. अकोल्यात अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. नावाचा तारा बघायला याहून रास्त तालुका नाही.

मार्च ते जून: पाणी मोजा, रात्र धरा

मार्चनंतर टाकी, विहिरी, झरे आटतात. कळसूबाईच्या माथ्याखालची विहीर भरवशाची धरू नका. हिशेब सोपा आहे: चालायच्या दर तासाला अर्धा लिटर आणि वर एक लिटर राखीव. सहा तासांचा डोंगर म्हणजे चार लिटर, चार किलो. पेलत नसेल तर डोंगर छोटा निवडा, पाणी कमी करू नका. नुसतं पाणी पिऊन घामातलं मीठ भरून येत नाही. एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर हवी. पहाटे चारला निघून दहापर्यंत खाली. कुणाचा घाम थांबला, अंग तापलं आणि बोलणं असंबद्ध झालं, तर सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तातडीने दवाखाना गाठा.

गवत वाळून काडेपेटीसारखं झालेलं असतं, विडी-सिगरेट घरी ठेवा. कड्यांना आग्या मोहळं लटकलेली असतात. धूर, अत्तर आणि आरडाओरडा त्यांना खपत नाही. उठलीच तर हात झटकत उभं राहायचं नाही. तोंड-डोकं कापडाने झाकून दाट झाडीत पळा, कड्याकडे नाही.

मेच्या शेवटचे आणि जूनचे पहिले दिवस काजव्यांचे. पाऊस जवळ आला, हवा दमट झाली की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते हजारोंनी लुकलुकतात, आणि अख्खं झाड एका लयीत उजळतं-विझतं. मुरशेत, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशा गावांच्या आसपास. अमावास्येच्या अलीकडचे-पलीकडचे पाच दिवस निवडा. प्रवेशाचे तास आणि शुल्क त्या वर्षीचे शेंडीच्या नाक्यावर विचारा.

उजेडातच मुक्कामी पोचा आणि गाडी तिथंच ठेवून चालत जा. हा लुकलुकाट म्हणजे नर-मादीचं बोलावणं असतं. तुमचा दिवा पडला की त्यांना एकमेकांचं दिसत नाही आणि ते विझतात. विजेरी लागणारच, तर तिच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाचे तीन-चार थर रबराने बसवा आणि झोत पायापाशीच ठेवा. मोबाइल बंद. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि एका स्क्रीनच्या उजेडाने ते पुन्हा पहिल्यापासून. डास घालवायचा फवारा मारू नका, काजवाही कीटकच आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. झाडाखाली शिरू नका, काजव्यांच्या माद्या आणि अळ्या जमिनीवर, पाचोळ्यात असतात. वाटेवरूनच बघायचं.

फोटो काढायचा तर तिपाई हवी. उजेड असतानाच झाडावर फोकस धरा आणि तो मॅन्युअलवर टाकून रिंगला चिकटपट्टी लावा, अंधारात कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही. आयएसओ १६०० ते ३२००, अॅपर्चर २.८ किंवा लेन्समध्ये असेल तेवढं मोठं, वेळ वीस-तीस सेकंद. असे तीस-चाळीस फोटो घेऊन नंतर एकावर एक बसवतात. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याचा उजेड आणि लाल फोकस-दिवा आधी बंद करा, फ्लॅश तर नकोच.

साडेसात ते दहा ही वेळ भरते. जोराचे दोन-तीन पाऊस झाले की काजवे जातात, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी फोन करून "झाडं लागलीत का?" (म्हणजे काजव्यांनी उजळलीत का) एवढं विचारा. परतताना गाडीचे दिवे मुख्य रस्त्याला लागल्यावरच पूर्ण लावा, तोवर पार्किंगच्या दिव्यांवर, माणसाच्या चालीने.